ब्रोशरवर २० किलोमीटर, साताऱ्याच्या चढाला किती? इलेक्ट्रिक व्हीलचेअरचा दीड वर्षाचा अनुभव

व्हीलचेअर घेऊन दीड वर्ष झालं, म्हणून आता लिहिते. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते आणि ते चुकीचं झालं असतं, कारण पहिल्या महिन्यात बॅटरी नवी असते, आपण भीत भीत गल्लीतच फिरतो, आणि एवढ्या वर्षांनी स्वतःच्या मनानं दाराबाहेर पडता आलं याचाच आनंद इतका असतो की रेंजबिंज काही डोक्यात येत नाही.

आधी माझं सांगते म्हणजे तुम्हाला स्वतःशी ताडून बघता येईल. मला लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय. चाळिशीपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांवर काढली, मग खांदे दुखायला लागले आणि डॉक्टर म्हणाले आता खांदे जपा, नाहीतर हातही जातील. वजन ६२ किलो. राहते साताऱ्यात सदर बझारला, आणि काम राजवाड्याच्या बाजूला, मोती चौकाजवळ एका सीएंच्या ऑफिसात. अंतर साडेतीन किलोमीटर धरा. ज्यांना सातारा माहीत आहे त्यांना सांगायला नको, पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं जायचं म्हणजे सगळा चढ. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं गाव आहे हे, इथं सपाट रस्ता शोधूनच काढावा लागतो.

खुर्ची फोल्डिंगची, स्टील फ्रेम, मागं २५० वॉटच्या दोन मोटर, सीटखाली १२ व्होल्टच्या दोन लेड ॲसिड बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या म्हणजे २४ व्होल्ट, २० ॲम्पिअर-अवर. बॅटरीसकट वजन ४८ किलो, स्पीड ताशी ६ किलोमीटर, किंमत ७८ हजार पडली. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात रेंज, म्हणजे एकदा पूर्ण चार्ज केल्यावर जाईल ते अंतर, २० किलोमीटर. दुकानदार म्हणाले, "ताई, वीस म्हणजे वीस, आरामात." मी हिशोब केला, जायला साडेतीन यायला साडेतीन, सात झाले, म्हणजे एक दिवसाआड चार्ज केली तरी चालेल.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नंतर मी आणखी पाच-सहा कंपन्यांची माहितीपत्रकं मागवून बघितली, सगळीकडं असाच एक गोल आकडा, आणि किती वजनाचा माणूस, कसला रस्ता, बॅटरी किती जुनी हे कुठंच लिहिलेलं नाही. त्यामुळं हे एका कंपनीविषयी नाहीच, तुम्ही कुठलीही घ्या, हा प्रश्न तुम्हाला येणारच.

चांगलं काय ते पटकन सांगते. जॉयस्टिक मऊ आहे, माझ्या उजव्या हाताला आता जोर कमी आहे तरी त्रास होत नाही. जागच्या जागी वळते, आमच्या जुन्या घराच्या बोळातून निघते. चढावर जॉयस्टिक सोडली की जागेवर उभी राहते, तसूभर मागं येत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. सीटची उशी मात्र पातळ, ती आठ दिवसांत बदलली. मोटरला दीड वर्षात काही झालेलं नाही.

आता गोडोलीचा प्रसंग.

घेऊन तीन महिने झाले होते. शनिवार होता, सकाळी ऑफिसला राजवाड्याला गेले, दुपारी तिथूनच बँकेत एक चक्कर झाली, आणि संध्याकाळी ऑफिसातल्या मैत्रिणीचा साखरपुडा होता गोडोलीला, तर तशीच परस्पर उतरून गेले. उतार होता त्यामुळं खुर्ची छान गेली. कार्यक्रम झाला, निघताना जॉयस्टिकवरचे पाचपैकी तीन लाइट लागलेले. म्हटलं अर्ध्याहून जास्त आहे, फोनवर सगळा मिळून प्रवास दहाच्या आसपास दिसत होता, वीसचं म्हणतात म्हणजे अजून दहा शिल्लक. गोडोलीहून पोवई नाक्याकडं वर यायला लागले आणि शंभर-दीडशे मीटरमध्ये तीनचे दोन, दोनचा एक, मग लाल ब्लिंक, मग खुर्ची अगदी मुंगीच्या पावलानं, आणि मग बंद. अंधार पडलेला, रस्त्याच्या कडेला, मागून ट्रक.

दोन पोरं बाइकवरून उतरून धावत आली. ढकलायला लागली तर खुर्ची हलेना. त्यांना वाटलं चाक अडकलंय. मलाही माहीत नव्हतं, कारण दुकानात कुणी दाखवलंच नव्हतं की या खुर्च्यांना मोटरमध्ये इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेक असतो, करंट असला की तो सुटतो आणि करंट गेला की आपोआप लागतो. मागं दोन्ही मोटरवर एकेक छोटा लिव्हर असतो, तो फिरवला की मोटर चाकापासून सुटते आणि मग खुर्ची ढकलता येते. एका रिक्षावाल्या काकांनी टॉर्च मारून ते लिव्हर शोधले. पण लिव्हर सोडला की मग ब्रेकच नाही, आणि आम्ही चढावर, माझं नि खुर्चीचं मिळून एकशे दहा किलो. दोघांनी मागून छातीनं धरली म्हणून थांबली, नाहीतर सरळ मागं गेली असती. ते लिव्हर कुठं आहेत ते घरातल्या प्रत्येकाला, ऑफिसातल्या दोघांना दाखवून ठेवा, आणि चढावर मागून माणूस धरून उभा असल्याशिवाय हात लावू देऊ नका. हे वाचून तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

त्यात आणखी एक झालं. वीस मिनिटं भावाची वाट बघत थांबलो, तेवढ्यात सहज बटण दाबलं तर परत दोन लाइट. पोरं म्हणाली, "ताई चालू झाली की!" चालू केली, वीस पावलं गेली, परत बंद.

माझा भाऊ एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. त्यानं घरी आल्यावर जे समजावलं ते मला विहिरीच्या उदाहरणानं कळलं, तसंच सांगते. आमच्या आजोळच्या विहिरीवर पंप जोरात लावला की पाणी तळाला जायचं आणि पंप बंद करून जेवून आलं की झऱ्यांनी परत हातभर वर आलेलं असायचं. लेड ॲसिड बॅटरी तशीच. तिच्यावर लिहिलेलं २० ॲम्पिअर-अवर हे वीस तासांच्या हिशोबानं असतं, म्हणजे फक्त १ ॲम्पिअर करंट घेत राहिलात तर वीस तास पुरेल. आपली खुर्ची सपाटीला पाच-सहा ॲम्पिअर घेते, चढाला पंचवीस-तीस. इतक्या घाईनं मागितलं की बॅटरी वीस देतच नाही, बरीच कमी देते. आणि ते जॉयस्टिकवरचे लाइट बॅटरीत किती उरलंय ते मोजत नाहीत, ते फक्त त्या क्षणाचा व्होल्टेज बघतात. उतारावर किंवा उभं असताना व्होल्टेज वर दिसतो, चढाला लागलं की पडतो. मी साखरपुड्याच्या मांडवात दोन तास उभ्या खुर्चीवरचे तीन लाइट बघून निघाले, तिथंच फसले.

वीसचा आकडा कुठून येतो तेही त्यानं शोधून काढलं. व्हीलचेअरच्या टेस्टसाठी आयएसओ ७१७६ म्हणून आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्याचा चौथा भाग रेंजचा. सपाट, कडक ट्रॅकवर खुर्ची ठरलेल्या फेऱ्या मारते, किती वीज खर्च झाली ते मोजतात, आणि बॅटरीच्या क्षमतेला त्यानं भागून अंतर काढतात. त्या भागाच्या नावातच थिऑरेटिकल हा शब्द आहे, म्हणजे कागदावरचं अंतर. एका कंपनीची दुसऱ्या कंपनीशी तुलना करायला ते बरोबरच आहे, सगळ्यांना सारखाच ट्रॅक. पण स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी ते प्रामाणिकपणे थिऑरेटिकल म्हटलंय आणि ब्रोशरवर येईपर्यंत तो शब्द गळून पडतो, याचा मला खरंच राग येतो. बाइकचं ॲव्हरेज कमी निघालं तर माणूस पंपावर जातो. आमचं कमी निघालं तर आम्ही रस्त्यात बसून राहतो, उतरून चालत जायची सोय नाही.

मग आम्ही ठरवलं आपला आकडा आपण काढायचा. यात भाच्यानं फार मदत केली, नववीत आहे, त्याच्या सायकलला किलोमीटर मोजायचं छोटं मीटर आहे ते घेऊन तो माझ्या शेजारून चालवायचा. वीज मोजायला आम्ही प्लगमध्ये लावायचं एनर्जी मीटर आणलं, सहा-सातशेला मिळालं, भिंतीतल्या प्लगला ते आणि त्यात चार्जर, किती युनिट गेली ते स्क्रीनवर दिसतं. पद्धत सोपी आहे, रात्री पूर्ण चार्ज करायची, मीटर शून्य करायचं, ठरलेल्या रस्त्यानं जाऊन यायचं, घरी येऊन परत हिरवा लाइट येईपर्यंत चार्ज करायची आणि आकडा वहीत लिहायचा. यात चार्जरची वाया जाणारी वीजही धरली जाते, लेड ॲसिडला ती पाव हिस्सा किंवा त्याहून जास्तच असेल, पण त्यानं बिघडत नाही कारण आपण आपल्याच आकड्यांची आपसात तुलना करतोय.

पहिली टेस्ट कॉलनीतला सिमेंटचा रस्ता. एक राउंड ४२० मीटर, बारा राउंड मारले, पाच किलोमीटर झाले, ०.१३ युनिट. दुसरी टेस्ट राजवाडा जाऊन येऊन, सात किलोमीटर, ०.२४ युनिट. म्हणजे किलोमीटरमागं सपाटीला ०.०२६ आणि राजवाड्याला ०.०३४, तेच अंतर चालायला तिसरा हिस्सा वीज जास्त. तिसरी टेस्ट भाऊ ॲक्टिव्हावर मागं मागं ठेवून, गावातल्या नेहमीच्या रस्त्यांनी खुर्ची अगदी सरपटायला लागेपर्यंत चालवली. १३.८ किलोमीटर. रिकामी झालेली पूर्ण भरायला ०.४९ युनिट लागली. हे रोज करायचं नाही, लेड ॲसिडला इतकी उपसणं सोसत नाही, पण एकदा करून तळ कुठं आहे ते कळलं पाहिजे.

आता गंमत बघा, ०.४९ ला सपाटीच्या ०.०२६ नं भागलं तर १८.८ येतात. म्हणजे सिमेंटच्या सपाट रस्त्यावर गोल गोल फिरायचं असेल तर वीसच्या जवळ जाईलही. मी राहते ते गाव गोल आणि सपाट नाही एवढंच.

चढाचं गणित भाच्यानं वहीत काढून दाखवलं, ते मला इतकं आवडलं की इथं देते. मी, खुर्ची, पिशवी मिळून ११४ किलो. सपाट रस्त्यावर चाकांचा विरोध वजनाच्या साधारण दोन टक्के धरला तर खुर्ची ओढायला सव्वादोन किलोची ताकद लागते. आता सरकारी इमारतींना जो रॅम्प करायला सांगतात तो १ ला १२, म्हणजे १२ फूट पुढं गेलं की १ फूट वर. त्या चढावर वजनाचा बारावा हिस्सा, साडेनऊ किलो, वरून वाढतो. सव्वादोनचे पावणेबारा झाले, म्हणजे पाचपट. आणि उतारावर ते परत मिळतं का, तर अगदी थोडं, मोटर खुर्चीला धरून ठेवताना बॅटरीत जाईल तेवढंच, ते हिशोबात न धरलेलं बरं. त्याच्या गणितात वजनही आलंच, तुमचं वजन ८५ असेल तर माझा १३.८ हा आकडा तुमच्या कामाचा नाही, तुमचा कमीच येणार.

यातून मला एक गोष्ट कळली जी कुठल्याच ब्रोशरमध्ये नाही, की किती किलोमीटर यापेक्षा चढ आधी आहे का नंतर हे जास्त महत्त्वाचं. राजवाड्याला जाताना चढ लागतो तेव्हा बॅटरी भरलेली असते, येताना बॅटरी दमलेली पण उतार असतो. त्यामुळं राजवाडा मला सुरक्षित. गोडोली अंतरानं जवळजवळ तेवढंच, पण जाताना उतार लागतो, आपण खूश होतो, आणि चढ नेमका दमलेल्या बॅटरीच्या वाट्याला येतो. तेव्हापासून मी कुठंही जाताना आधी विचारते, परत येताना वर यायचंय का. असेल तर त्या दिवशी आधी दुसरीकडं कुठं जायचं नाही, किंवा चार्जर पिशवीत घेऊन जायचा आणि पोचल्या पोचल्या यजमानांकडं प्लग मागायचा. सुरुवातीला मला संकोच वाटायचा, आता वाटत नाही, लोक आनंदानं देतात, चहाच्या आधी प्लग विचारते.

त्या दिवशी दहा-अकरावरच का बंद पडली, १३.८ का नाही, तेही नंतर सापडलं. टायर. हवेचे टायर आहेत आणि तीन महिन्यांत मी एकदाही हवा भरली नव्हती, सांगितलंच नव्हतं कुणी. भावानं मोजली तर टायरवर लिहिलंय त्याच्या निम्मी. तीच कॉलनीतली बारा राउंडची टेस्ट मुद्दाम कमी हवेवर केली तर ०.१३ चे ०.१६ झाले. पंधरा दिवसांतून एकदा पंप मारायचा, पाच मिनिटांचं काम. बाकी स्पीड कमी ठेवली तर रेंज वाढेल का असं बरेच जण विचारतात, माझ्या वहीत तरी फारसा फरक दिसला नाही, ताशी सहा किलोमीटरला वारा काय अडवणार. गर्दीत थांबत-निघत, डावं-उजवं करत गेलं की मात्र फरक पडतो, राजवाड्याच्या वाटेवरच्या राजपथावर सणाच्या गर्दीत गेले त्या दिवशी ०.२४ चे ०.२७ झाले होते.

आता बॅटरीच्या वयाचं. पहिल्या वर्षी मी १३.८ काढले पण रोजचा हिशोब मात्र आठ किलोमीटरचाच ठेवला, निम्म्याच्या फार खाली जायचं नाही, आणि कितीही थोडी चालवली तरी रात्री चार्जिंगला लावायची. लेड ॲसिड रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ते मग निघत नाही. पावसाळ्यात मला सर्दी-ताप होऊन दोन-अडीच आठवडे खुर्ची नुसती कोपऱ्यात होती, तेव्हा मी चार्जिंगला लावायचं विसरले, ती चूक महागात पडली असं मला वाटतं. चौदाव्या महिन्यात बघते तर राजवाडा जाऊन आलं की आधी तीन लाइट उरायचे ते एकच उरायला लागला. मीटरवर राजवाड्याचा खर्च तोच, ०.२४. म्हणजे खुर्ची जास्त खात नव्हती, टाकीच लहान झाली होती. परत पूर्ण रिकामी करून बघितली, भरायला ०.३३ च लागले. १३.८ चे साडेनऊ. हे लाइट बघून कधीच कळलं नसतं, वही होती म्हणून कळलं.

मग नव्या लेड ॲसिड घ्यायच्या का लिथियम, यावर घरात आठवडाभर चर्चा. शेवटी लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, २५.६ व्होल्ट २० ॲम्पिअर-अवर, चार्जर वेगळा लागतो तो धरून १७ हजार. जुना चार्जर लावायचा नाही हे लक्षात ठेवा. वजन १२ किलोचं ५ वर आलं, खुर्ची गाडीत टाकताना भावाची पाठ वाचली. पण इथंही एक फटका बसला. ज्यांनी पॅक बनवून दिला त्यांनी आत २० ॲम्पिअरचा बीएमएस टाकला, बीएमएस म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, जास्त करंट गेला की ते बॅटरी तोडतं. आमच्या खुर्चीला चढावर लागतात तीस. पहिल्याच दिवशी पोवई नाक्याच्या पुढं पहिल्या चढाला खुर्ची खाडकन बंद, शंभर टक्के चार्ज असताना. भाऊ सोबत होता म्हणून निभावलं. नंतर त्यांनी ५० ॲम्पिअरचा बसवून दिला, वाद घातला नाही, पण विचारायला हवं होतं ते आम्हीच आधी विचारलं नाही. तुम्ही विचारा. खुर्चीच्या कंपनीलाही विचारा की कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटला, ही बॅटरी चालते का.

लिथियमवर आता तळापर्यंतची रेंज १८.५ निघाली, त्याच रस्त्यांवर, तीच मी. राजवाडा जाऊन येऊन ०.२० युनिट. कागदावर बॅटरी जवळजवळ तेवढीच आहे, ४८० वॉट-अवरच्या जागी ५१२, पण ही मागितलं तेवढं देते, चढाला दमत नाही. एक तोटा मात्र आहे आणि तो गंभीर आहे. या बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो, त्यामुळं जॉयस्टिकवरचे लाइट, जे लेड ॲसिडच्या हिशोबानं बनवलेत, ते पाचच्या पाच हिरवे दाखवत राहतात आणि मग एकदम अंधार. म्हणून शंटवालं छोटं मीटर बसवून घेतलं, आत-बाहेर जाणारा करंट मोजून ते टक्के सांगतं. हजाराच्या आतबाहेर मिळतं. मी तर म्हणेन ते नसेल तर लिथियम टाकूच नका.

विमानानं जाणाऱ्यांसाठी एक, खुर्चीतून काढून केबिनमध्ये न्यायच्या लिथियम बॅटरीला ३०० वॉट-अवरची मर्यादा आहे, दोन असतील तर प्रत्येकी १६०. माझी ५१२ ची आहे, म्हणजे ती काढून केबिनमध्ये नेता येणार नाही, बहिणीकडं बंगळुरूला जायचं झालं तर आधी विमान कंपनीला विचारायचं, नाहीतर रेल्वेच. मोठी बॅटरी घेताना हा विचार मी केला नव्हता, तुम्हाला विमानप्रवास लागत असेल तर दोन छोट्या घ्या.

काही जण विचारतात की ही खुर्ची घ्यायची का नियोमोशनचं नियोबोल्टसारखं पुढं जोडायचं युनिट, ते आयआयटी मद्रासमधून पुढं आलेल्या लोकांनी बनवलंय. ती वेगळीच गोष्ट आहे, हँडल धरून स्कूटरसारखं रस्त्यावर चालवायचं, स्पीड जास्त, पुढचं चाक मोठं. हातात आणि धडात जोर असेल तर बघा. मला जॉयस्टिकच लागते, म्हणून मी त्यावर मत देत नाही.

दुकानात जाल तेव्हा फरशीवर चालवून बघू नका, ती तर कुठलीही छान चालते. बाहेर काढा, जवळचा चढ शोधा, आणि तुमच्यासकट दहा मिनिटं वर-खाली करायला लावा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान. बॅटरीचे ॲम्पिअर-अवर किती आणि ते किती तासांच्या हिशोबानं ते विचारा, लिव्हर दाखवायला सांगा, नवी बॅटरी किती महिन्यांनी लागेल आणि कितीला पडेल ते बिलावर नाही तरी कागदावर लिहून घ्या. आणि तोपर्यंत अंदाज म्हणून, चढउताराच्या गावात लेड ॲसिड असेल तर ब्रोशरच्या आकड्याचा निम्मा धरा, त्यात जाणं आणि येणं दोन्ही बसवा. माझं ७८ हजाराच्या खुर्चीला पाचपैकी साडेतीन. खुर्ची म्हणून चार दिले असते, अर्धा मी त्या वीसच्या आकड्यासाठी आणि न दाखवलेल्या लिव्हरसाठी कापला.

खुर्ची घेतल्याचा पश्चात्ताप मात्र एक दिवसही झालेला नाही. रिक्षाचे रोजचे सव्वाशे-दीडशे वाचतात ते तर आहेच, पण ऑफिस सुटल्यावर मोती चौकात थांबून, कुणाला न सांगता, कुणाची वाट न बघता भाजी घेऊन येते, ते मी चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

भाच्यानं दाराच्या मागं तक्ता चिकटवलाय. राजवाडा ०.२०, गोडोली ०.१९ पुढं वर जाणारा बाण, कलेक्टर ऑफिस ०.०५, मावशीचं घर ०.१४. सगळ्यात खाली त्यानं "चार भिंती", म्हणजे इथली टेकडीवरची जागा, लिहून पुढं जागा मोकळी ठेवलीये. "आत्या, तिथं तर जाताना चढ आणि येताना उतार, म्हणजे आपल्या नियमात बसतंय" असं म्हणतो. चढ फार खडा आहे, वरून सगळा सातारा दिसतो असं लहानपणापासून ऐकलंय, मी अजून बघितलेला नाही. पाऊस उघडला की एका रविवारी पहाटे, भाऊ मागून ॲक्टिव्हावर आणि भाचा सायकलवर.